स्टार्ट बटनाचा वनवास

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस घराघरांतून जी झाडलोट चालते, तिच्यात वस्तू जागच्या हलायच्या हे ठरलेलेच. फडताळातली बरणी खाली येते, आजोबांचा चष्मा कोनाड्यातून पेटीत जातो, आणि मग चार दिवस घरभर ‘माझं अमुक कुठं ठेवलंत?’ असा गजर चालतो. पण या गजराला उत्तर असते. वस्तू हलवणारे माणूस घरातलेच असते. त्याच्याशी भांडता येते, आणि वस्तू पुन्हा जुन्या जागी ठेवून घेता येते. समजा, हीच झाडलोट आपण निजलेले असताना कुणी परका येऊन करून गेला. सकाळी उठून पाहावे तो स्वयंपाकघराचे दार भिंतीत बुजवलेले, मांडणी उलटी फिरवलेली, आणि उंबऱ्यावर एक चिठ्ठी, की ‘आम्ही तुमचे घर सुधारले आहे.’ तर आपण काय करू? पोलिसचौकी गाठू. संगणकाच्या राज्यात मात्र हा प्रकार गेली वीस वर्षे राजरोस चालू आहे, आणि त्याला ‘अपडेट’ असे सोज्ज्वळ नाव आहे.

राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत घोकतो. बोटांना लागलेल्या सवयींनाही इतिहास असतो, तो मात्र कुणी घोकून घेत नाही. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला तोच अधिक जवळचा वाटतो. मी या शास्त्रातला पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण संगणकाशी माझा पुष्कळ वर्षांचा घरोबा आहे, आणि घरोब्याच्या माणसाबद्दल बोलायला पदवी लागत नाही.

तर या इतिहासाचा नायक म्हणजे एक लहानसे बटन. त्याचा जन्म २४ ऑगस्ट १९९५ चा. त्या दिवशी अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज ९५’ ही आपली नवी प्रणाली बाजारात आणली. पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक करड्या रंगाची चौकट आणि तीवर अक्षरे, ‘स्टार्ट’. ती दाबली की यादी उघडायची, आणि संगणकात जे जे म्हणून होते ते त्या यादीतून सापडायचे. जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाचे ‘स्टार्ट मी अप’ हे गाणे घेतले होते. संगणक बंद करायचा तरी ‘स्टार्ट’च दाबावे लागते, म्हणून थट्टाही झाली. पण थट्टा करता करता जगाने ते बटन आत्मसात केले. घरातल्या देव्हाऱ्याची जागा अंधारातही चुकत नाही, तसा तो कोपरा कोट्यवधी हातांना पाठ झाला.

त्या काळची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विंडोज ९५ दुकानातून खोक्यात मिळे. फ्लॉपीवर घ्यायची तर एक-दोन नव्हे, तेरा तबकड्या. ज्याला नवी प्रणाली हवी त्याने पैसे टाकावेत, खोके घरी न्यावे, एकेक तबकडी यंत्राच्या तोंडात घालावी. ज्याला नको त्याची जुनी त्याच्यापाशी सुखाने नांदे. नवे आले म्हणून जुने कुणी घरात शिरून उचलून नेत नसे.

पुढे २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्याच्या गावी त्याचे वर्ग निघाले. तो एक देखावाच होता. चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक, तलाठी, पतपेढीतले कारकून, नाकावरचा चष्मा सावरीत आपल्या मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढे माऊस धरून बसत. ‘सर, डबल क्लिक करा, सर,’ असे तो पोरगा अदबीने सांगे, आणि सर दोन टिचक्यांच्या मध्ये एक श्वास घेत. मंडळींनी वहीत लिहून घेतले: फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट. मोरोपंतांची आर्या पाठ करावी तशी ही ओळ पाठ झाली. ज्यांनी त्या वयात हे कष्ट उपसले त्यांनाच ठाऊक, की ती ओळ म्हणजे त्यांच्या पुढच्या नोकरीची काठी होती. आणि २००७ च्या आरंभी त्याच कंपनीने वर्ड, एक्सेल या प्रोग्रामांच्या नव्या आवृत्तीतून ती ओळ जवळजवळ पुसून टाकली. तिच्या जागी ‘रिबन’ नावाची चित्रांची रुंद पट्टी आली. पट्टी वाईट होती असे मी म्हणत नाही. नव्याने शिकणाऱ्याला ती सोपीही गेली असेल. पण ज्याने वहीत लिहून घेतले होते, त्याची वही एका दिवसात रद्दी झाली, आणि त्या वहीची किंमत कुणाच्याच जमाखर्चात धरलेली नव्हती.

आता हा परका माणूस आपल्या घरात शिरला कसा, हे सांगितले पाहिजे. न्यायाने बोलायचे तर दार आपणच उघडले, आणि त्याला सबळ कारण होते. संगणक इंटरनेटने एकमेकांना जोडले गेले तशी रोगराईही एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा कीडा विंडोजच्या असंख्य यंत्रांत शिरला. त्याची वाट बुजवणारा तुकडा कंपनीने जुलैमध्येच दिला होता, परंतु तो बसवून घेण्याची तसदी कितीकांनी घेतलीच नव्हती. तेव्हा २००४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या मोठ्या दुरुस्तीबरोबर लोकांना आग्रह सुरू केला, की दुरुस्त्या आपोआप येऊ द्या. हा आग्रह खोटा नव्हता. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांचे संगणक कुलूपबंद केले आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या, तेव्हाही त्यावरची दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती. देवीची लस टोचून घ्यायला नकार देणारा माणूस शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो; तसेच हे. म्हणून लस टोचणाऱ्याला दार उघडावे, यात दुमत नसावे.

माझे गाऱ्हाणे लशीबद्दल नाहीच. लस टोचायला आलेल्या गृहस्थाने जाता जाता आपल्या माजघराची भिंत पाडली आणि विचारल्यावर सांगितले, की हाही लसटोचणीचाच भाग, याबद्दल आहे. दुरुस्ती निराळी आणि फेरबदल निराळा. एकीचा नकार धोक्याचा, दुसऱ्याचा नकार हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा. या दोन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्या आणि गाठोडे अख्खेच घ्या, असे सांगितले गेले. तेथून पुढच्या सगळ्या कटकटीला सुरुवात झाली.

आपल्या नायकाचे पुढे काय झाले ते पाहू. २०१० साली ॲपल कंपनीचा आयपॅड आला आणि बोटाने चालवायच्या पाटीचे जगाला वेड लागले. मायक्रोसॉफ्टला वाटले, आपण मागे पडतो की काय! मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विंडोज ८’ आली, ती स्टार्ट बटनाला वनवासात धाडूनच. सतरा वर्षांचा तो कोपरा रिकामा. यंत्र सुरू केले की पडदाभर रंगीबेरंगी फरशा. बोटाने ढकलायला त्या छान. पण कोट्यवधी टेबलांवर जे संगणक होते त्यांना बोटाने ढकलायचा पडदा नव्हताच, साधा माऊस होता. सगळ्यांत मौज संगणक बंद करण्याची. माऊस उजव्या कोपऱ्यात नेऊन थांबायचे, मग कडेने एक पट्टी डोकावणार, तीत ‘सेटिंग्ज’, त्यात ‘पॉवर’, त्यात ‘शट डाउन’. चक्रव्यूहात शिरणे सोपे, बाहेर पडणे अवघड, हे आपल्याला महाभारताने शिकवले होते. दिवा मालवायलाही चक्रव्यूह लागतो हे विंडोज ८ ने शिकवले.

कंपनीने हे आंधळेपणाने केले नव्हते. तिच्यापाशी मोजदाद होती. लोक कोणते बटन किती वेळा दाबतात याची गणती संगणकांकडून तिच्याकडे जात असे, आणि स्टार्टच्या यादीचा वापर कमी होत चालल्याचे त्या आकड्यांवरून तिने आधीच्या वर्षी जाहीरही केले होते. या मोजदादीपाशी मला थोडे थांबायचे आहे.

आमच्या शाळेत एक कारकून आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. निकालपत्रके करायला शाळेने एका कंपनीचा प्रोग्राम घेतला होता. त्यात एक निळी खूण होती. ती दाबली की सबंध वर्गाचा गोषवारा एका रुंद कागदावर छापून येई. वर्षातून दोनदाच तिचे काम पडे, सहामाहीला आणि वार्षिकाला. एका एप्रिलमध्ये, निकालाला चार दिवस उरले असताना, प्रोग्रामने रात्रीत कात टाकली. भाऊ सकाळी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले.

“गुरुजी, निळी खूण गेली हो.”

“गेली म्हणजे? कुठं गेली?”

“नाहीच आहे. सगळं चकचकीत झालंय, खूण तेवढी नाही.”

आम्ही कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितले, की ती सोय फारसे कोणी वापरत नव्हते, म्हणून नव्या आवृत्तीत काढून टाकली आहे. भाऊंनी फोन ठेवला. पुढच्या दोन रात्री त्यांनी आणि वहिनींनी मिळून फूटपट्टीने रेघा मारल्या आणि साडेतीनशे मुलांचे गुण हाताने उतरवून काढले. निकाल वेळेवर लागला. कुणाला काही कळले नाही. भाऊ मला एवढेच म्हणाले, “गुरुजी, कुणी वापरत नव्हतं म्हणतात. मग मी वापरत होतो, तो मी कोण?”

या प्रश्नाला मोजदादीत उत्तर नाही. घरातली शिडी आपण वर्षातून दोनदा काढतो; रोजच्या वापराची गणती केली तर शिडी फेकून द्यावी असेच निघेल. गणतीला ‘किती वेळा’ ते समजते. ‘कशासाठी’ आणि ‘नसेल तर काय’ हे तिला समजत नाही.

स्टार्ट बटनाच्या बाबतीत मात्र असे भाऊ जगभर निघाले. इतकी ओरड झाली, की काही चतुर मंडळींनी ते बटन परत आणून देणारे छोटे प्रोग्राम काढले. त्यांतला एक सुमारे पाच डॉलरला मिळे. म्हणजे आपल्याच घरातून गेलेली वस्तू लोकांनी दुकानात जाऊन पुन्हा विकत घेतली! बरेच जण नवी प्रणाली घेईचनात, जुन्या ‘विंडोज ७’ला चिकटून बसले. अखेर १७ ऑक्टोबर २०१३ रोजी कंपनीने बटन परत दिले, पण अर्धेच. खूण कोपऱ्यात आली. दाबली की पुन्हा त्याच फरशा. दार परत बसवले, आत खोली मात्र नवीच. खरी यादी परतली ती २९ जुलै २०१५ ला, ‘विंडोज १०’ बरोबर. चौदा वर्षांचा नव्हे, पण पावणेतीन वर्षांचा वनवास संपला.

रामराज्य आले म्हणावे तर तेही नाही. ज्या विंडोज १० ने बटन परत आणले, तिनेच दाराची कडी काढून घेतली. घरगुती वापराच्या आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सोयच ठेवली नाही. फार तर थोडे पुढे ढकला, एवढीच मुभा. शिवाय जुन्या प्रणालीवाल्यांना एक वर्षभर नवी फुकट देऊ केली, आणि त्या फुकट दानाचा आग्रह इतका, की २०१६ च्या मे महिन्यात त्या सूचनेची चौकट बंद करायला कोपऱ्यातली फुली दाबली, तरी तो होकार धरला जाऊ लागला. फुली म्हणजे नकार, ही खूणगाठ त्याच कंपनीने वीस वर्षे लोकांच्या बोटांत बांधली होती. ओरड झाल्यावर जूनअखेर ती चौकट बदलली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातली एक बातमी गाजली. प्रवासाची कामे करणाऱ्या एका लहान व्यवसायाच्या मालकिणीचा संगणक न मागता आलेल्या या बदलाने कोलमडला, ती कोर्टात गेली, आणि कोर्टाने तिला दहा हजार डॉलर भरपाई देवविली. कंपनीने चूक कबूल केली नाही. मात्र वर अपील केले होते ते सोडून दिले.

एकाच कंपनीच्या माथी सारे खापर फोडणे बरे नव्हे. जपानच्या सोनी कंपनीने २००६ साली ‘प्लेस्टेशन ३’ हे खेळाचे यंत्र काढले, तेव्हा त्यात दुसरी प्रणाली बसवून त्याचा साधा संगणकासारखा उपयोग करण्याची मुभा दिली होती. ही सोय पाहून ते घेणारेही पुष्कळ निघाले. अमेरिकी वायुदलाच्या एका प्रयोगशाळेने तर अशी सतराशेहून अधिक यंत्रे जोडून महासंगणक उभा केला. आणि १ एप्रिल २०१० रोजी एका अपडेटने ती सोय काढून घेतली. कारण सांगितले, सुरक्षितता! अपडेट घेऊ नका म्हणाल, तर इंटरनेटवरून इतरांशी खेळता येणार नाही. दोन सोयी विकत घेतलेल्या माणसाला सांगितले, की आता कोणती तरी एकच ठेव. लोक कोर्टात गेले आणि २०१६ साली कंपनीने पैसे देऊन तडजोड केली.

१ एप्रिल ही तारीख वाचून मला दुसरा एक १ एप्रिल आठवला. तो १९५७ चा. त्या दिवशी आपल्या देशाने आणे, पैसे, पै मोडीत काढून नवे पैसे चालू केले. केवढा थोरला फेरबदल! सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा; त्यावर उभी असलेली पावकी, निमकी, पाऊणकी; बाजारात जाणाऱ्या बाईचा तोंडी हिशेब; सगळे एका दमात जुने झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे नेमके होत, पण एका आण्याचे सव्वासहा. तो पाव पैसा कुणी सोडायचा, यावरून दुकानादुकानांत वाद. माझ्या आधीच्या पिढीतली माणसे ते वाद हसत सांगत. लोक कुरकुरले, पण फसवले गेल्यासारखे त्यांना वाटले नाही. का वाटले नाही? कायदा संसदेत उघड चर्चा होऊन १९५५ साली झाला होता. अंमल आला तो पुरेशी सूचना देऊन. जुनी नाणी आणि नवी नाणी काही वर्षे एकाच कनवटीला नांदली. नव्याला ‘नवा’ म्हणण्याची पद्धत १ जून १९६४ पर्यंत चालली. माणसांच्या जिभेला वळण लागेपर्यंत सरकार थांबले. रात्री निजताना खिशात आणे आणि सकाळी उठल्यावर ते चालेनासे, असे कुणाचे झाले नाही. आणि ‘सोळा आणे खरे’ हे तर आपण अजून म्हणतो. बदल सक्तीचाच होता. पण ज्याच्यावर लादायचा त्याला माणूस समजून तो केला होता.

कंपन्यांना संसद नाही. म्हणून जेथे थोडाफार आळा बसला तो कायद्यानेच. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. जुन्या फोनांना न पेलणारे अपडेट गळी उतरवले, आणि जुनी स्थिती परत मिळवण्याचा उपाय दिला नाही, हा ठपका. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने एक निर्देश काढला, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या पुरवणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरवले, आणि त्याहून निराळा फेरबदल करायचा तर करारात त्याची तरतूद व सबळ कारण हवे, ग्राहकाला स्पष्ट कळवले पाहिजे, त्याच्यावर जादा खर्च पडता कामा नये, असे सांगितले. फेरबदलाने नुकसान होत असेल, तर ग्राहकाला तीस दिवसांच्या आत करार मोडता येतो. जुने जसेच्या तसे ठेवण्याची सोय दिलेली असली तर गोष्ट वेगळी. लस निराळी आणि भिंत पाडणे निराळे, एवढाच त्याचा मथितार्थ. आपल्या भाऊंना जे कळत होते ते कायद्याच्या भाषेत आले, इतकेच.

आणि दोन्ही वेगळे करणे अवघड आहे, हा बहाणाही फार काळ टिकला नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात ‘विंडोज ११’ आली, तेव्हा स्टार्ट बटन कोपऱ्यातून सरकून मध्यावर आले, आणि खालची पट्टी कडेला किंवा वर नेण्याची विंडोज ९५ पासूनची सोय तिच्यात नव्हती. शिवाय पुष्कळ चांगली चालणारी यंत्रे नव्या अटींत बसेनात. मग १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची मोफत देखभाल थांबली. परंतु ज्यांना जुन्यातच राहायचे होते त्यांच्यासाठी कंपनीने आणखी एक वर्षाची योजना काढली. तीत नव्या सोयी नाहीत, रंग नाहीत, फरशा नाहीत. फक्त सुरक्षिततेच्या दुरुस्त्या. अमेरिकेत त्यासाठी तीस डॉलर मोजा, किंवा कंपनीच्या खात्यात नाव नोंदवून आपल्या मांडणीची नक्कल तिच्याकडे ठेवा. युरोपात मात्र ग्राहकसंघटनांनी हरकत घेतल्यावर हीच नुसती लस, दुसरे काहीही न हलवता, फुकट देण्याचे कंपनीने मान्य केले.